गुलाब नको, टॉयलेटची चावी द्या : कोल्हापूरच्या हॉस्पिटलवाल्यांना एका सिस्टरचं खुलं पत्र

कोल्हापुरातले समस्त हॉस्पिटल मालक, डायरेक्टर साहेब, ॲडमिनवाले आणि मेट्रन मॅडम (आम्हा सिस्टर लोकांच्या मुख्य) यांना,

नमस्कार. नाईट करून आलेय, आंघोळ झाली, चहा झाला, झोप काय येईना म्हणून लिहायला बसले. शुद्धलेखन बघू नका, डोळे चुरचुरतायत.

गेल्या १२ मेला नर्सेस डे झाला. फ्लॉरेन्स नाईटिंगेल बाईंचा जन्मदिवस, १८२० सालचा. आमच्याकडं ठरलेलं असतंय, फोटोला हार, मेणबत्त्या, शपथ, प्रत्येकीला एक गुलाब, सामोसा आणि एक व्याख्यान. यंदाचा विषय होता परिचारिकांचं आरोग्य आणि चांगल्या सवयी. आहारतज्ज्ञ मॅडम आलेल्या, चांगल्या बोलल्या, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्या, सात-आठ तास सलग झोपा, आठवड्याला १५० मिनिटं चाला. सगळं बरोबर आहे. हेच आम्ही पेशंटला डिस्चार्जच्या वेळी सांगतो, पाठ आहे. माझ्या शेजारी एक पोरगी बसलेली, चार महिन्यांपूर्वी लागलीय, मॉर्निंग करून तशीच थांबवलेली कारण कार्यक्रमाला हजेरी कंपल्सरी. ती माझ्या कानात म्हणाली, "सिस्टर, मी सकाळपासनं बाथरूमला गेलो नाही." (आमच्यात पोरी पण गेलो-आलो म्हणतात, बाहेरच्यांनी हसायचं नाही.) घड्याळात साडेतीन वाजलेले आणि तिच्या हातात गुलाब.

तेव्हा हसायला आलं. घरी गेल्यावर राग आला. तो काय अजून गेलेला नाही.

तर मालक लोकहो, आमच्या सवयी वाईट आहेत हे मान्य. पण त्या आम्हाला माहिती नाही म्हणून वाईट आहेत असं तुम्ही धरून चालताय आणि तिथंच तुमचं चुकतंय. तीन-साडेतीन वर्षं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून आलेल्या बाईला पाणी का प्यावं हे सांगायला पाहुण्या लागत नाहीत. ती पाणी पीत नाही कारण प्यायलं की जावं लागतंय आणि जायला जागा नाही. आमच्या मजल्यावर स्टाफ टॉयलेट आहे, नकाशात आहे, दारावर पाटी पण आहे, आत सलाईनचे बॉक्स रचलेत. चावी स्टोअरवाल्याकडं. मग पेशंटच्या नातेवाईकांच्या टॉयलेटला जायचं, तिथं लाईन, आणि लाईनीत उभं राहिलं की मागनं कोणतरी म्हणणार, सिस्टर तुम्ही इथं, आमचं सलाईन संपलंय. त्यापेक्षा घोटभर पाणी पिऊन तोंड ओलं करायचं आणि ड्युटी काढायची. पाळीच्या दिवसात काय करायचं ते मी लिहीत नाही, तुमच्या घरात बायका आहेत, त्यांना विचारा सहा-सात तास कसं होत असेल. आमच्या वीस जणींत लघवीचं इन्फेक्शन झालं नाही अशी मला तरी एकही माहिती नाही. अँटिबायोटिक कुठलं घ्यायचं ते आम्हाला डॉक्टरांना विचारायला पण लागत नाही इतकी त्याची सवय झालीय, आणि हे काय अभिमानानं सांगत नाहीय.

आता खाणं. डबा सगळ्या आणतात. सकाळी पाच-साडेपाचला उठून भाकरी, भाजी, पोरांचे वेगळे, नवऱ्याचा वेगळा, आपला वेगळा असे डबे भरून निघतात. आणि तो डबा दुपारी घरी जाऊन उघडतात, नाहीतर संध्याकाळी चारला चेंजिंग रूममध्ये उभ्याउभ्या, एका हातात फोन धरून. मधल्या वेळात पोटात काय जातंय ते सांगते. चहा, पाच-सहा कप, साखर चहावाले मामा टाकतील तेवढी. बिस्किटं. आणि पेशंटचे पेढे. मॅटर्निटीला असाल तर विचारूच नका, मुलगा झाला पेढे, मुलगी झाली बर्फी, डिस्चार्ज झाला की अजून एक पुडा, नाही म्हटलं की आजी रुसतात, "आवं सिस्टर, गोड त्वांड करा की." नाईटला तर भडंग, फरसाण, खारी, वडापाव, मॅगी. पहाटे तीन-साडेतीनला काहीतरी गोड नाहीतर तळलेलं पाहिजेच असं होतं. आम्हाला वाटायचं आपल्याच जिभेला वळण नाही. पण झोप मोडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरलं सांगणारं लेप्टिन कमी होतं, हे पुस्तकात आहे. शिवाय रात्री शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणजे वडापाव दुपारी खाल्ला तर रक्तात जेवढी साखर वाढेल त्यापेक्षा तोच रात्री दोनला खाल्ला तर जास्त वाढते. म्हणजे आम्ही चुकीच्या वेळी जाग्या, चुकीच्या वेळी खातोय, आणि खायला मिळतंय ते पण चुकीचं. याच्यात मनाचा निग्रह वगैरे कुठं बसवायचा सांगा.

एक गंमत सांगते. हार्टसाठी काय खावं, सिगरेटनं बायकांचं काय होतं, गर्भनिरोधक गोळ्यांचे दूरचे परिणाम काय, हे जगाला जे कळलं त्यातलं बरंचसं नर्सेसमुळं कळलंय. अमेरिकेत १९७६ साली नर्सेस हेल्थ स्टडी सुरू झाला, १ लाख २१ हजारांवर नर्सेस, दर दोन वर्षांनी फॉर्म भरून पाठवायच्या, काय खाता, किती झोपता, काय आजार झाला. नर्सच का निवडल्या तर त्यांना आजाराचं नाव, औषधाचं नाव बरोबर लिहिता येतं आणि त्या न कंटाळता उत्तर देतात. म्हणजे साऱ्या जगाला चांगल्या सवयी आमच्या जातीच्या बायकांच्या फॉर्मवरनं कळल्या आणि आता त्याच आम्हाला शिकवायला तुम्ही माणूस बोलावताय. त्याच अभ्यासात पुढं दिसलं की वर्षानुवर्षं फिरती नाईट करणाऱ्यांत टाईप टू डायबेटिसचं प्रमाण वाढत जातं, जितकी वर्षं जास्त तितकं जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं तर २००७ साली नाईट शिफ्ट 'बहुधा कॅन्सरकारक' या यादीत टाकली, २०१९ ला परत तपासून तिथंच ठेवली. घाबरायला नको, बहुधा म्हणजे बहुधा, पुरावा अजून पक्का नाही असा त्याचा अर्थ. त्याच यादीत २०१५ पासून लाल मटण पण आहे, आणि कोल्हापूरकरानं म्हणून काय तांबडा रस्सा सोडला का. पण मटण खायचं का नाही हे मी ठरवते. नाईट मी ठरवत नाही, तुम्ही ठरवता. एवढा फरक आहे.

आणि ती नाईट तरी नीट लावा ना. माझा मागच्या महिन्याचा चार्ट बघा. सोमवार इव्हनिंग, रात्री साडेआठला सुटायचं, पुढच्या सिस्टरला ओव्हर (पेशंटची सगळी माहिती) देईपर्यंत नऊ-सव्वानऊ, मंगळवारी मॉर्निंग, बुधवारी कोणतरी आलं नाही म्हणून नाईट, गुरुवारी ऑफ म्हणून लिहिलेलं, पण नाईट करून सकाळी आठला सुटलं तो ऑफ कसला, ती झोपच झाली. शरीराचं घड्याळ एका दिवसात साधारण तासभर सरकतं, तुम्ही त्याला आठ-आठ तास मागं-पुढं ओढताय. मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाईट अशी पुढं पुढं सरकणारी ड्युटी त्यातल्या त्यात सोसते, उलटी फिरवली की वाट लागते. याला एक पैसा खर्च नाही. चार्ट बनवणारीनं फक्त पेन दुसऱ्या दिशेनं चालवायचं. पण चार्ट आमच्याकडं रविवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतो, आणि दर वेळी कुणाचं तरी कुणाशी जमतंय नाही जमतंय त्याचा हिशोब त्यात चुकता होतो, हे मेट्रन मॅडमना पण माहितीय आणि आम्हाला पण.

घरी येऊन झोपायचं म्हटलं तर घर काय आपल्यासाठी थांबलंय का. नळाला पाणी याच वेळेला, गॅसवाला याच वेळेला, शेजारी भिशी, सासूबाई म्हणतात झोप की ग, आणि पाच मिनिटांनी विचारतात हळद कुठं ठेवलीस. गणपतीत तर साऊंड सिस्टीम. नाईटवालीला सलग चार तास मिळाले तर ती लॉटरी. हे तुमच्या हातात नाही, मान्य, ते आमच्या घरच्यांनी बघायचं, त्यांना वेगळं पत्र लिहीन.

पण एक तुमच्या हातात आहे. माझ्याबरोबरची एक, डबल ड्युटी करून सकाळी स्कूटीवरनं निघाली आणि कावळा नाक्याच्या पुढं डिव्हायडरला जाऊन धडकली. तिला आठवतच नाही कधी डोळा लागला. नशीब हात मोडला तेवढ्यावर निभावलं. सलग सतरा तास जागं राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो असं मोजून काढलेलं आहे, चोवीस तास झाले तर त्याच्याही दुप्पट. आणि आपल्या देशात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे तुमच्या हॉस्पिटलातनं रोज सकाळी आठ वाजता पोलिसांनी खरं तर पकडाव्यात अशा चार-पाच बायका हायवेला लागतात. आणि त्याच्या आधीचे दोन तास त्याच बायका इन्सुलिनचे युनिट मोजून भरत असतात, हे पण जरा डोक्यात घ्या.

डबल ड्युटी का करता म्हणून विचारणार. पगार. दुसरं कारण नाही. २०१६ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरनं केंद्र सरकारनं कमिटी नेमली, त्या कमिटीनं लिहिलं की दोनशेच्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतका पगार, अगदी पन्नासच्या आतलं हॉस्पिटल असलं तरी महिना २० हजारांच्या खाली नको. त्याला आता किती वर्षं झाली मोजा. माझ्याबरोबर आजही अशा पोरी आहेत ज्यांच्या हातात बारा हजार पडतात, मग त्या इथली मॉर्निंग करून संध्याकाळी दुसऱ्या क्लिनिकला जातात. अशा पोरीला तुम्ही सात-आठ तास सलग झोप सांगताय. आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलचं गणित म्हणजे साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटला एक नर्स, टीचिंगला तीनला एक. काल रात्री आम्ही दोघी आणि बावीस पेशंट होतो. त्यात एक ऑपरेशनचा, एक दारू अचानक बंद झाल्यानं बिथरलेला, तो रात्रभर उठून पळत होता. जेवायला जायचं म्हणजे एकीनं बावीस बघायचे. जाते का कोण?

नुसतं तुम्हालाच बोलते असं नाही, आमचं पण सांगते. आम्ही भारी शहाण्या. कंबर दुखली की वॉर्डातलंच डायक्लो, म्हणजे पेनकिलर, मारायचं. स्वतःचं बीपी वर्षानुवर्षं बघायचं नाही, मशीन हातात असून. पायावर निळ्या शिरांची दोरी झाली तरी मोजे घालायचे नाहीत, का तर साडीत, ड्रेसमध्ये बरे दिसत नाहीत. सुई टोचली तर लपवायचं, कारण वॉर्डची इनचार्ज ओरडणार की रिकॅप (वापरलेल्या सुईला परत टोपण लावणं) कशाला केलीस. अगं बाई, एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची गोळी पहिल्या दोन तासात सुरू झालेली बरी आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही, ओरडा खाल्लेला परवडला. हिपॅटायटिस बीचे तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, ते पण कितीजणींचे पूर्ण झालेत विचारा. दोन झालेले असतात, तिसऱ्याच्या वेळी नोकरी बदललेली असते. आणि तीन झाल्यावर अँटिबॉडी १० च्या वर आल्यात का ते रक्त तपासून बघायचं असतं, ते तर मी बघितलेलंच नाही कुणाचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आम्ही सीनियरच नव्या पोरींना टोमणे मारतो. जेवायला उठली की "झालं का हिचं सुरू, आम्ही नाही का उपाशी केल्या ड्युट्या." मी पण म्हटलंय असं. त्या पोरी काय व्याख्यानातनं शिकत नाहीत, आमच्याकडं बघून शिकतात. इनचार्ज जेवायला बसली की सगळा वॉर्ड बसतो, तिनं चहा-बिस्किटावर भागवलं की कुणाची छाती होत नाही डबा उघडायची.

हे असंच असतं, काही बदलत नाही, असं मला पण वाटायचं. पण एकदा बदललेलं बघितलंय. ऑगस्ट २०१९. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोका पातळी, त्या वेळी ५५ च्या वर गेलेली. शिरोलीला हायवेवर पाणी, शहरात यायला जायला रस्ता नाही. तेव्हा मी दुसऱ्या हॉस्पिटलात होते. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर, येणार नाही, घरी जाता येणार नाही, डबे येणार नाहीत. तीन दिवस आम्ही आतच. मग साहेबांनी स्वतः सांगितलं, कॅन्टीनला एकच मोठं पातेलं लावा. खिचडी, आमटी, एक दिवस पिठलं. पेशंट, नातेवाईक, डॉक्टर, मावशी सगळ्यांना तेच. दोन पाळ्या केल्या, निम्म्या सिस्टर साडेबाराला जेवणार, निम्म्या सव्वाला, आणि त्या वेळेत वॉर्डात कोण थांबणार ते फळ्यावर लिहिलेलं. एक स्पेशल रूम रिकामी होती ती आम्हाला झोपायला आणि बाथरूमला उघडून दिली. रात्री एकेकीला दीड-दीड तास पडायला मिळायचं. काम तिप्पट होतं, बाहेर जगबुडी, आणि खरं सांगते, नोकरीला लागल्यापासनं वेळेवर जेवले, पाणी प्यायले आणि वेळेवर बाथरूमला गेले असे तेवढेच ते तीन दिवस. पूर ओसरला, रस्ता सुटला, रूम परत कुलूपबंद, आम्ही परत चहा-बिस्किटावर. म्हणजे जागा होती, पातेलं होतं, माणसं पण तीच होती. ठरवायला कोणतरी मोठं माणूस लागलं आणि त्याला पूर यावा लागला.

नदीची पातळी तुम्ही सगळे मोबाईलवर दर तासाला बघता, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. आमच्यातली कुठली बाई कितीवर आहे हे बघायची कुठं सोय आहे?

आणि आपलं गाव तर तालमीचं. पोरगा खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरायचा असला तर वस्ताद त्याच्या दुधाचा लिटर मोजतो, बदाम मोजतो, थंडाई कुणी वाटली ते बघतो, दुपारी झोपला नाही तर काठी घेऊन झोपवतो. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध ग्लासात काढून देणारं हे गाव. अंगमेहनतीच्या माणसाला खुराक आणि झोप लागते हे इथं कुणाला शिकवायला लागत नाही. सव्वाशे किलोचा पेशंट दोघींनी कूस बदलायचा असतो ती काय अंगमेहनत नव्हे? आमचा वस्ताद कोण? मेट्रन मॅडम येतात ते अंबाडा, नेमप्लेट आणि रजिस्टर बघायला. जेवलीस का ग, असं ड्युटीवर मला शेवटचं कुणी विचारलं असेल तर ते एका पेशंटच्या आईनं.

काय पाहिजे म्हणून विचाराल, तर फार नाही. ड्युटी चार्ट महिनाभर आधी, आणि इव्हनिंगला लागून मॉर्निंग नको. अर्धा तास जेवण, पण त्या अर्ध्या तासात वॉर्ड कुणी बघायचा त्याचं नाव लिहून, नाहीतर तो अर्धा तास कागदावरच राहतो. डबा गरम करायला काहीतरी. नाईटला वीस-पंचवीस मिनिटं पाठ टेकायला एक खाट, आलटून पालटून, आणि त्याला झोपा काढणं म्हणायचं नाही. लस तुमच्या खर्चानं, ट्रेनी पोरींना पण. पन्नास किंवा त्याच्या वर स्टाफ असेल तर पाळणाघर द्यायचा कायदा २०१७ पासून आहे, तो एकदा वाचा, माझी पोरं आता मोठी झाली, पण त्या चार महिन्यांपूर्वी लागलेल्या पोरीचं लग्न ठरलंय. पगाराचं मी इथं मागत बसत नाही, ते वरती लिहिलंय, तुम्हाला आकडा कळला असेल.

आणि पुढच्या १२ मेला व्याख्यान ठेवणार असाल तर ठेवा, पण ऐकायला तुम्ही बसा, आम्ही येऊन बोलतो. गुलाबाचे पैसे वाचवा. त्या पैशात आमच्या मजल्यावरच्या टॉयलेटमधले सलाईनचे बॉक्स दुसरीकडं न्यायला दोन माणसं लावा, आत एक बल्ब, एक झाकणाचा डस्टबिन, आणि दाराला आतनं कडी. चावी स्टोअरला नको, नर्सिंग स्टेशनच्या हुकाला.

आता झोपते. आज परत नाईट आहे.

आपली,
एक स्टाफ सिस्टर,
कोल्हापूर